डिप्रेशनमध्ये काय खायचं आणि ते जमवायचं कसं: नागपुरी घरासाठी

डिप्रेशन आलं की जेवणाची घडी सगळ्यात आधी मोडते. सकाळी उठवत नाही, दुपारी भूक कळत नाही, चहा-खारीवर संध्याकाळ होते आणि रात्री अकराला चिवड्याचा डबा उघडून हाताला येईल तेवढं पोटात ढकललं जातं. अशा माणसाच्या हाती फळं, सॅलड आणि सुकामेव्याचा तक्ता दिला तर तो फ्रिजवर चिकटून राहतो आणि न जमल्याची बोच तेवढी वाढते. म्हणून इथे सुरुवात सगळ्यात वाईट दिवसापासून केली आहे. त्या दिवशी जे पोटात जाऊ शकतं ते आधी पक्कं करायचं, बाकीचं त्यावर हळूहळू रचायचं.

आधी अपेक्षा नीट ठेवू या. 2017 साली ऑस्ट्रेलियात 67 जणांवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मध्यम ते तीव्र डिप्रेशन असलेल्या या लोकांपैकी निम्म्यांना 12 आठवडे आहारतज्ज्ञाच्या मदतीने जेवण सुधारायला लावलं आणि निम्म्यांना तेवढाच वेळ गप्पांची सोबत दिली. आहाराच्या गटात जवळपास एक तृतीयांश लोकांची लक्षणं ओसरली, सोबतीच्या गटात 8 टक्क्यांची. आकडा आशा देणारा आहे, पण यातल्या बहुतेकांचे औषधोपचार किंवा समुपदेशन आधीपासून चालू होतं आणि जेवण त्याच्या जोडीला आलं होतं, हे विसरू नका. युरोपात चार देशांत हजारावर लोकांवर झालेला आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेला दुसरा अभ्यास सांगतो की नुसत्या जीवनसत्त्वांच्या आणि ओमेगा-3च्या गोळ्यांनी डिप्रेशन टाळता आलं नाही. तेव्हा ताटातलं अन्न सुधारा, ते उपचारासोबत सुधारा, आणि फरक जोखायला किमान तीन महिने द्या.

जेवण बदलण्याआधी रक्त तपासा

काही आजार हुबेहूब डिप्रेशनसारखे दिसतात, काही असलेलं डिप्रेशन वाढवतात. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), बी-12, टीएसएच (थायरॉईडची तपासणी), व्हिटॅमिन डी आणि उपाशीपोटीची साखर, एवढ्या तपासण्या डॉक्टरांना विचारून एकदा करून घ्या.

थायरॉईड मंदावलं असेल तर सुस्ती, वाढतं वजन, बद्धकोष्ठता आणि उदासी एकत्र येतात. तिथे कितीही चांगलं जेवलात तरी थायरॉईडच्या गोळीशिवाय भागत नाही.

बी-12 हा शाकाहारी घरांचा मोठा प्रश्न आहे. ते दूध, दही, अंडी, मासे आणि मांसातूनच भरवशाचं मिळतं. पालेभाजीत नाही, डाळीत नाही, इडली-आंबिलीसारख्या आंबवलेल्या पदार्थांतही विश्वास ठेवावा इतकं नाही. एका मोठ्या पेल्याभर, म्हणजे 250 मिली दुधातून साधारण 1 मायक्रोग्रॅम आणि एका अंड्यातून अर्धा मायक्रोग्रॅम मिळतं, आणि मोठ्या माणसाची रोजची गरज दोन-अडीचच्या घरात आहे. दोन चहांपुरतंच दूध पोटात जाणारी बाई वर्षानुवर्षं तुटीत राहते. तळपायाला मुंग्या, विसराळूपणा, जिभेची आग आणि न संपणारा थकवा ही त्याची चिन्हं आहेत. मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि अॅसिडिटीच्या गोळ्या बरीच वर्षं घेणाऱ्यांनी ही तपासणी टाळूच नये, दोन्हींनी बी-12 कमी होतं. रिपोर्टमध्ये आकडा 200च्या खाली असेल तर नुसत्या दुधाने ते भरून निघायला फार वेळ जातो, गोळ्या किंवा इंजेक्शनं लागतात. इथे एक घोळ नेहमी होतो. अशक्तपणा आहे म्हणून कुणीतरी फक्त फॉलिक अॅसिडच्या गोळ्या सुरू करून देतं. त्याने रक्ताचा रिपोर्ट सुधारलेला दिसतो आणि बी-12 अभावी नसांचं नुकसान आतून चालूच राहतं.

हिमोग्लोबिन बाईचं 12च्या आणि पुरुषाचं 13च्या खाली असेल तर तो अॅनिमिया. पण विदर्भात लोहाची गोळी सुरू करण्याआधी सिकलसेलची, म्हणजे तांबड्या रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराची, तपासणी झालेली असावी. हा आजार आपल्याकडे बऱ्याच घरांत आहे आणि त्यात रक्त कमी असण्याचं कारण दरवेळी लोहाची कमतरता नसते. गरज नसताना लोह घेत राहिलं तर ते शरीरात साचतं.

व्हिटॅमिन डीची 60,000 युनिटची पुडी बहुतेकदा आठवड्यातून एकदा घ्यायची असते. चिठ्ठी नीट न वाचता ती रोज घेणारे लोक आहेत, आणि त्यातून रक्तातलं कॅल्शियम धोकादायक वाढतं. पुडी घेण्याचा वार कॅलेंडरवर लिहून ठेवा.

वाईट दिवसाचा डबा

ज्या दिवशी अंघोळसुद्धा डोंगराएवढी वाटते, त्या दिवशी गॅस पेटवायची अपेक्षाच धरू नका. त्यासाठी एक डबा किंवा टोपली वेगळी भरून ठेवा, पलंगावरून हात पोचेल किंवा निदान दिसेल अशा जागी. आत फुटाणे, भाजलेले शेंगदाणे, शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याचे लाडू आणि सातूचं पीठ. सोबत केळी आणि पाण्याची बाटली. फ्रिजमध्ये दही आणि चालत असतील तर उकडलेली अंडी. सालासकट उकडलेलं अंडं फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं.

सातू आपल्याकडे अक्षय तृतीयेला आठवतो, पण डिप्रेशनच्या घरात तो बारा महिने हवा. भाजलेल्या गहू-हरभऱ्याचं पीठ असल्याने शिजवायची गरज नाही. चार मोठे चमचे, म्हणजे साधारण 40 ग्रॅम पीठ, लिंबाएवढा गूळ, चिमूटभर मीठ, आणि वाटीभर पाणी किंवा दूध. ढवळलं की झालं. जेवण घशाखाली उतरत नाही अशा दिवशी पातळ करून घोट-घोट पिता येतं, म्हणून ते या कामाला इतकं चांगलं.

भूक लागण्याची वाट पाहू नका. डिप्रेशनमध्ये भुकेचा इशाराच बिघडलेला असतो. घड्याळाने खा: उठल्यावर तासाभरात काहीतरी, मग दर साडेतीन-चार तासांनी थोडं. मोबाईलवर तीन अलार्म लावा आणि अलार्म वाजला की निदान मूठभर फुटाणे आणि अर्धा पेला ताक, एवढंच ध्येय ठेवा. बहुतेक वेळा दोन घास गेले की तिसरा जातो. नाही गेला तरी तो दिवस फुकट गेला असं मानू नका.

थोडी ताकद असेल तर कुकर. अर्धी वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ, साडेतीन वाट्या पाणी, हळद, मीठ, हिंग, घरात असेल ती चिरलेली भाजी, चमचाभर तेल किंवा तूप. चार शिट्ट्या. फोडणी दिली नाही तरी चालते. हे एका माणसाला दोन वेळा पुरतं आणि त्यात वीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. उरलेली खिचडी दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. एप्रिल-मेच्या नागपुरात ती ओट्यावर राहिली तर संध्याकाळपर्यंत नासते, आणि पोट बिघडलं की आठवडाभराची बसलेली घडी पुन्हा विस्कटते.

बऱ्या दिवसाचं ताट: डाळ किती घट्ट?

मेंदूतली सेरोटोनिन, डोपामिनसारखी रसायनं प्रथिनांतल्या अमिनो आम्लांपासून बनतात. अमुक पदार्थ खाल्ला की सेरोटोनिन वाढून मन हसतं, असा सरळ हिशेब मात्र शरीरात नसतो. प्रथिनांचा रोजचा खरा उपयोग साधा आहे: जेवण टिकतं, दोन तासांत गळून गेल्यासारखं होत नाही, चिडचिड कमी होते.

साठ किलोच्या माणसाला दिवसाला पन्नास ग्रॅम प्रथिनं लागतात. आपल्याकडच्या ताटात ती अशी बसतात. ज्वारीच्या दोन मध्यम भाकरी, म्हणजे 120 ग्रॅम पीठ, 12 ग्रॅम. दोन वाट्या घट्ट तुरीचं वरण, कच्ची डाळ 60 ग्रॅम, 13 ग्रॅम. एक वाटी दही 5, पेलाभर दूध 6, मूठभर शेंगदाणे 7, मूठभर फुटाणे 6. झाले जवळपास पन्नास. अंडी खात असाल तर दोन अंड्यांचे 12 त्यात येतात आणि बाकीचं सैल करता येतं.

चूक बहुतेक घरांत वरणात होते. चार माणसांत मूठभर डाळ आणि पातेलंभर पाणी. पिवळा रंग दिसतो, भातावर ओतलं जातं, आणि प्रत्येकाच्या वाट्याला प्रथिनं येतात दोन ग्रॅम. माणशी, प्रत्येक जेवणाला, कच्ची डाळ 30 ग्रॅम मोजून घ्या. एकदा तराजूवर मोजून ती कोणत्या वाटीत कुठपर्यंत येते ते पाहून ठेवलं की रोज मोजावं लागत नाही. झुणका, कढी-गोळे, पाटोडीचा रस्सा, हिवाळ्यात तुरीच्या सोल्यांची भाजी, हे सगळं याच हिशेबात उत्तम बसतं. आपल्या विदर्भाच्या जेवणात बेसन आणि डाळी मुबलक आहेत, परदेशी आहारतक्ता शोधायचं कारण नाही. अडचण तेलाच्या तवंगाची आहे. झणझणीत तर्री रात्री उशिरा खाल्ली की छातीत जळजळ होते, झोप मोडते, आणि झोप मोडली की दुसरा दिवस हमखास वाईट जातो. सावजी खायचं तर दुपारी खा.

सकाळचे तर्री पोहे सोडायची गरज नाही. नुसते पोहे लवकर जिरतात, त्यांना तारतात ते त्यातले चणे. तर्रीतला रस्सा कमी आणि चणे जास्त मागा, वरून लिंबू पिळा, घरी आल्यावर वाटीभर दही खा.

पालेभाजी रोज एक वाटी शिजवलेली. मेथी, पालक, चवळाई, अंबाडी, मुनग्याचा पाला, उन्हाळ्यात घोळ आणि चिवळ. फोलेट आणि लोह इथून येतं. पण भाजीतलं लोह शरीरात मुश्किलीने शिरतं. सोबत सी जीवनसत्त्व असलं की ते जास्त शिरतं, चहा असला की अडतं. म्हणून जेवताना लिंबाची फोड किंवा संत्र्याच्या चार फाका, आणि चहा जेवणाच्या एक तास आधी किंवा नंतर. संत्र्यासाठी नागपूरकराला काही शिकवायला नको: आंबिया बहाराची फळं नोव्हेंबर-डिसेंबरात, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये. ज्यूस काढू नका, फाका खा. चोथा आतड्यातल्या जिवाणूंचं अन्न आहे, आणि पोट नियमित साफ होणं हा डिप्रेशनमध्ये फार मोठा दिलासा असतो. बऱ्याचशा औषधांनीही बद्धकोष्ठता होते. फक्त चोथा एकदम वाढवू नका. मैद्याच्या टोस्टवर जगणाऱ्याने एका दिवसात भाकरी, चणे आणि कोशिंबीर सुरू केली तर पोट फुगतं आणि तो सगळंच सोडून देतो. दर आठवड्याला एक भर, आणि त्याबरोबर पाणी.

जवस

जवसात ओमेगा-3 आहे. दहा ग्रॅममध्ये साधारण दोन ग्रॅम. मेंदूला जे तयार रूप लागतं त्यात यातला थोडाच भाग बदलतो, त्यामुळे मासे खाणाऱ्यांनी आठवड्यातून दोनदा मासे खावेत. बर्फातून येणाऱ्या बांगड्यात तळ्यातल्या रोहू-कतल्यापेक्षा हे जास्त असतं. मासे न खाणाऱ्याने जवस रोज खावा.

त्याची चटणी अशी करा: एक वाटी जवस मंद आचेवर चार-पाच मिनिटं, तडतडेपर्यंत भाजा. करपू देऊ नका, कडू होतो. पाच-सहा सुक्या लाल मिरच्या, आठ-दहा लसणाच्या पाकळ्या आणि चमचाभर जिरं वेगळं परतून घ्या, लसणातलं पाणी पूर्ण सुकायला हवं. सगळं गार झाल्यावर मीठ घालून बारीक वाटा. अख्खा जवस गिळला तर तो जसाच्या तसा बाहेर पडतो, म्हणून वाटणं आवश्यक. वाटलेला जवस हवेने आणि उष्णतेने खवट होतो. तेव्हा थोडीच करा, हवाबंद बाटलीत फ्रिजमध्ये ठेवा आणि पंधरा दिवसांत संपवा. रोज एक मोठा चमचा, भाकरीवर किंवा दह्यात. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगून मगच.

चहा, खर्रा, दारू

चहातलं कॅफिन निम्मं उतरायला चार-पाच तास लागतात. दुपारी तीननंतरचा चहा बंद केल्यावर झोप सुधारते का, हे दोन आठवडे करून पाहा. दिवसाला आठ कप पिणाऱ्याने एकदम तोडू नये, डोकं दुखतं. दर तीन दिवसांनी एक कप कमी.

खर्रा आपल्या शहराचं दुखणं आहे. तंबाखूने भूक मरते, सकाळचा नाश्ता खर्ऱ्यावर निघून जातो. सुपारीने तोंड आखडत जातं, मग तिखट झोंबतं, भाकरी चावत नाही, आणि माणूस मऊ, गोड, मैद्याच्या पदार्थांकडे वळतो. सोडताना पहिले दोन-तीन आठवडे मन आणखी खाली जाऊ शकतं. ते डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा म्हणजे आधार राहील. तंबाखू सोडण्यासाठी सरकारी मोफत क्रमांक 1800-112-356.

दारूने झोप लागल्यासारखी वाटते, पण पहाटे तीनला डोळे उघडतात. डिप्रेशनच्या औषधांसोबत ती नकोच.

उपवास आणि उन्हाळा

साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट. दिवसभर खिचडीवर राहिलं की संध्याकाळी हात कापतात आणि रडू येतं. उपवास मोडायला कुणी सांगत नाही, ताट बदला: राजगिऱ्याची भाकरी, भगर, शेंगदाण्याची आमटी, दूध, दही, रताळं. तीव्र लक्षणांच्या काळात निर्जळी करू नका.

मे महिन्यात नागपूरचा पारा 45च्या वर जातो आणि अंगातलं पाणी कमी पडलं की डोकं जड, मन मंद, चिडचिड, हे सगळं येतं. तहान लागायच्या आधी प्या. सकाळी भरलेली तीन बाटल्यांची रांग संध्याकाळपर्यंत रिकामी झाली पाहिजे. त्याशिवाय मीठ घातलेलं ताक, आंबील, कैरीचं पन्हं.

लिथियमची (मूड स्थिर ठेवणारी) गोळी घेणाऱ्यांसाठी हा जिवाचा प्रश्न आहे. घामाने, जुलाबाने, उपवासाने शरीरातलं पाणी आणि मीठ घटलं की लिथियम रक्तात साचतं. रोजचं मीठ आणि पाणी एकसारखं ठेवा, बीपीसाठी स्वतःहून अळणी सुरू करू नका, आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी विचारल्याशिवाय घेऊ नका. हात जास्त थरथरणं, तोल जाणं, उलट्या, जीभ जड होणं यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. वयस्कर माणसांत डिप्रेशनच्या नेहमीच्या गोळ्यांनी सोडियम उतरू शकतं. आजोबा एकदम गुंगीत किंवा गोंधळलेले दिसले तर उन्हावर ढकलू नका, रक्त तपासा.

औषधं आणि ताट

एसिटालोप्राम, सर्ट्रालिनसारख्या गोळ्यांनी पहिले एक-दोन आठवडे मळमळतं. पोटात काही असताना घेतल्या तर त्रास कमी होतो. आल्याचा तुकडा, कोरडं टोस्ट, थोडी मऊ खिचडी कामाला येते. मिर्टाझापिन आणि ओलँझापिनने उलट भूक भडकते, विशेषतः रात्री. गोळी सुरू होण्याआधीच तयारी करा: चिवडा-बिस्किटांच्या डब्याच्या जागी फुटाणे, काकडी, ताक. वजन वाढतंय म्हणून गोळी मनाने बंद करू नका, पर्याय बदलून देता येतो. ‘मूड सुधारणारी’ म्हणून ऑनलाइन मिळणारी सेंट जॉन्स वर्ट किंवा 5-एचटीपी डिप्रेशनच्या गोळ्यांसोबत घेतली तर सेरोटोनिन धोकादायक पातळीला जाऊ शकतं. काढा असो वा कॅप्सूल, काय घेता ते डॉक्टरांना दाखवा.

घरच्यांनी

“काही खाल्लं का?” हा प्रश्न दिवसातून सहा वेळा विचारला की तो जाब वाटतो. “ताक केलंय, तुझ्यासाठी ठेवू का?” असं विचारा. ताट वाढून समोर ठेवण्यापेक्षा छोटी वाटी द्या, संपली तर पुन्हा वाढता येते. शक्य तर एक वेळचं जेवण सोबत बसून, टीव्ही बंद करून. उरलेलं अन्न मुकाट्याने उचला. आईला किंवा सासूला डिप्रेशन असेल तर आधी पाहा की ती सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलेल्या वरणावर आणि शिळ्या पोळीवर जेवते आहे का. तिचं ताट आधी वाढा. पूर्वी उलट्या काढणं, उपाशी राहणं असं काही घडलं असेल तर ग्रॅमचा हिशेब त्या व्यक्तीसमोर करूच नका, तो आहारतज्ज्ञाकडे सोपवा.

दर रविवारी वहीत चारच गोष्टी लिहा: वजन, किती दिवस सकाळचं खाणं झालं, झोपेचे तास, आणि मन दहापैकी किती. बारा आठवड्यांची ही वही डॉक्टरांना दाखवली तर औषधाचा निर्णय सोपा होतो.

महिन्याभरात पाच टक्के वजन आपोआप उतरलं, दिवसभर पाणीही जात नसेल, किंवा मरणाचे विचार बोलून दाखवले जात असतील, तर आहाराचे प्रयोग बाजूला ठेवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक 14416 चोवीस तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. नागपुरात मेडिकल, मेयो, मिहानमधलं एम्स आणि प्रादेशिक मनोरुग्णालय इथे मानसोपचाराची ओपीडी आहे. जीव धोक्यात वाटत असेल तर ओपीडीची वेळ पाहत बसू नका, जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात न्या, माणसाला एकटं सोडू नका, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या.